पाळी जाण्याच्या वयातले पथ्यापथ्य

आपल्याकडे मुलीला न्हाण आले की घरातल्या चार बायका तिला काय करावे, काय करू नये हे सांगावयास पुढे येतात. गरोदरपणात तर उपदेशाला खंड नसतो आणि बाळंतिणीच्या आहाराविषयी प्रत्येक घराण्याचा स्वतंत्र शिरस्ता असतो. परंतु तीच स्त्री पंचेचाळिशीच्या घरात आली, तिची पाळी मागेपुढे होऊ लागली, रात्री अंग घामाने चिंब होऊन झोप मोडू लागली आणि क्षुल्लक कारणावरून डोळ्यांत पाणी येऊ लागले, म्हणजे तिला सांगण्यासारखे कोणापाशीच फारसे काही नसते. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने शरीरधर्माविषयी मराठीत स्पष्टपणे लिहिण्याची वाट खुली करून दिली असली, तरी घरगुती बोलण्यात हा विषय अद्यापि 'त्या वयाचे असते' या तीन शब्दांतच उरकला जातो. मग ही रिकामी राहिलेली जागा बाजार भरून काढतो. चूर्णे, काढे, बियांच्या पुड्या, तेलाच्या कुप्या आणि गोळ्यांच्या डब्या यांवर 'नैसर्गिक' ही मोहोर उमटवलेली असते आणि शरीरातील संप्रेरकांचे बिघडलेले संतुलन पूर्ववत करून देण्याचे आश्वासन त्यांवर ठळक अक्षरांत छापलेले असते. या आश्वासनातले किती खरे, किती पोकळ, आणि औषधाच्या वाटेला न जाता स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटात व स्वतःच्या दिनक्रमात स्त्रीला खरोखर काय करता येण्याजोगे आहे, याची खातरजमा करून घ्यावी एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम जे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. स्त्रीच्या बीजकोशांत जन्मतःच बीजांचा ठरावीक साठा असतो. तो दहावीस लाखांचा असतो, वयात येईपर्यंत तीनचार लाखांवर येतो, आणि त्यांतील सुमारे चारशे बीजेच काय ती आयुष्यात परिपक्व होऊन बाहेर पडतात. साठा संपत आला म्हणजे बीजकोशांकडून होणारा इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन यांचा पुरवठा कमी होतो. तो एका संथ उताराने कमी झाला असता तर कदाचित इतका त्रास झाला नसता. पण मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी, वसूल येत नाही म्हणून मामलेदाराने गावाला हुकमावर हुकूम पाठवावेत त्याप्रमाणे, बीजकोशांना अधिकाधिक जोराने संदेश पाठवू लागते. त्या दडपणाखाली एखाद्या महिन्यात इस्ट्रोजेन पूर्वीपेक्षाही वर उसळते, दुसऱ्या महिन्यात एकदम खाली येते, आणि पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येते. ही धामधूम काही वर्षे चालते. शेवटच्या पाळीनंतर सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते, म्हणजे तिची नेमकी तारीख नेहमी मागे वळूनच सांगता येते. सुश्रुताने शारीरस्थानात रजःप्रवृत्तीचा आरंभ बाराव्या वर्षी व क्षय पन्नासाव्या वर्षी सांगितला आहे. आजच्या पाहण्यांत भारतीय स्त्रियांचे सरासरी वय शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आढळते, तर पाश्चात्त्य देशांत ते एक्कावन्नच्या सुमारास असते. तंबाखूचे धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत ही वेळ एकदोन वर्षे अलीकडे येते, असे निश्चितपणे दिसून आले आहे. आपल्या खेड्यापाड्यांतल्या बायका विडी-सिगारेटला शिवत नसल्या तरी मशेरी मात्र सर्रास लावतात, आणि मशेरी हे दात घासण्याचे साधन आहे ही समजूत कितीही जुनी असली तरी ती भाजलेली तंबाखूच आहे. ती सोडणे हा या लेखातला पहिला उपाय समजावा.

वरील वर्णनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. जो साठा संपला तो कोणत्याही बीने, पाल्याने वा काढ्याने पुन्हा भरता येत नाही, आणि भरण्याची आवश्यकताही नाही, कारण हा रोग नव्हे. अतएव या वयात गाठावयाचे उद्दिष्ट पूर्वीचे संतुलन परत आणणे हे असू शकत नाही. नव्या, खालच्या पातळीशी शरीराची जुळवणी होत असताना त्याला होणारा त्रास कमी करणे, आणि इस्ट्रोजेनचे संरक्षण सुटल्यावर हाडे, हृदय व मूत्रमार्ग यांचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गांनी करणे, हेच करण्यासारखे आहे. याच कारणास्तव पंचेचाळिशी उलटलेल्या व नेहमीची लक्षणे असलेल्या स्त्रीने संप्रेरकांच्या रक्ततपासण्यांवर शेकडो रुपये खर्च करण्याची सहसा गरज नसते. ते आकडे या काळात आठवड्याआठवड्याला बदलतात आणि त्यांवरून उपचार ठरत नाही. दोन तपासण्या मात्र अवश्य कराव्यात, थायरॉइडची आणि हिमोग्लोबिनची. कारण थायरॉइडचा दोष आणि पंडुरोग ही दोन्ही दुखणी थकवा, धडधड, घाम, केस गळणे, मन उदास होणे अशा वेषांतराने येतात आणि सारा दोष बिचाऱ्या वयावर ढकलला जातो.

आता ज्या तक्रारीसाठी बहुतेक स्त्रिया उपाय शोधतात तिच्याकडे वळू. छातीपासून मान, कानशिले व चेहरा यांकडे एकाएकी चढत जाणारी उष्णतेची झळ, तिच्या पाठोपाठ फुटणारा घाम आणि घाम वाळताच वाजणारी थंडी, हे सर्व दोनचार मिनिटांत आटोपते, पण दिवसातून दहादहा वेळा आणि रात्री भर झोपेत ते घडू लागले म्हणजे मनुष्य मेटाकुटीस येतो. शरीराचे उष्णतामान राखणारे केंद्र मेंदूत आहे. इस्ट्रोजेन कमी झाले की त्या केंद्राची सहनशीलता आखडते, आणि एरवी ज्या किंचित उष्णतेची दखलही घेतली गेली नसती तिच्यासाठी रक्तवाहिन्या रुंद करण्याचा व घाम काढण्याचा हुकूम सुटतो. 'पित्त वाढले' असे म्हणून थंड पदार्थांचा मारा करणाऱ्या आपल्या आजीबाईंचे निरीक्षण चुकीचे नव्हते, मात्र थंडाव्याने आराम मिळतो आणि मूळ कारण हटते यांत अंतर आहे. अमेरिकेत केलेल्या एका दीर्घ पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा या झळा सरासरीने सातएक वर्षे टिकतात असे आढळले. म्हणजे 'सहा महिने कळ काढ, जाईल आपोआप' हा सल्ला पुष्कळ जणींच्या बाबतीत फसवा ठरतो.

संप्रेरकांव्यतिरिक्तच्या उपायांची छाननी करून २०२३ साली उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्तीविषयक तज्ज्ञसंस्थेने जे मतपत्रक काढले त्यात झळांवर पुराव्यानिशी उपयोगी ठरलेल्या गोष्टींची यादी अगदी आखूड आहे. तीत औषधे व इंजेक्शने वगळता तीन उपाय उरतात: वजन अधिक असल्यास ते उतरवणे, विचार व वर्तन यांना वळण लावणारी मानसोपचाराची एक पद्धत, आणि प्रशिक्षित व्यक्तीकडून घेतलेले संमोहन. प्राणायाम, योगासने, चालणे, सोयाबीन, वनौषधी यांना त्या यादीत स्थान नाही. हे वाचून आपल्याकडील पुष्कळांचा स्वाभिमान दुखावेल, परंतु ते नीट वाचले पाहिजे. योगासनांनी झोप, मन व सांधे यांना लाभ होत नाही असे ते पत्रक म्हणत नाही. झळांची संख्या त्यांनी खात्रीने कमी होते असे सिद्ध झालेले नाही, एवढेच ते म्हणते. ज्या कामासाठी जे साधन उपयोगी आहे त्या कामासाठी ते वापरावे, एवढे तारतम्य ठेवले म्हणजे निराशेचे कारण उरत नाही.

त्या मानसोपचाराच्या पद्धतीविषयी चार शब्द अधिक लिहितो, कारण ती आपल्याकडे जवळजवळ अज्ञात आहे. लंडनच्या मायरा हंटर या मानसशास्त्रज्ञ विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की झळ आल्यावर मनात उमटणारे विचार, म्हणजे 'सगळे माझ्याकडेच बघताहेत', 'आता हे थांबणारच नाही', 'आज रात्रही गेली' असले विचार, तिचा जाच दुप्पट करतात. आणि पाचसहा बैठकांत स्त्रियांना त्या विचारांना उत्तर द्यावयास शिकवले असता झळा येत राहूनही त्यांचा जाच पुष्कळ कमी होतो. घरच्या घरी याचा आरंभ करावयाचा तर एक वही ठेवावी. झळ कधी आली, त्या आधी काय खाल्ले-प्यायले, मन कोणत्या अवस्थेत होते आणि त्या क्षणी मनात कोणते वाक्य आले हे दोन आठवडे लिहून काढावे. मग प्रत्येक वाक्यासमोर एखाद्या शहाण्या मैत्रिणीने ते ऐकले असते तर तिने काय उत्तर दिले असते ते लिहावे. झळ सुरू होताच खांदे सैल सोडून पोटातून सावकाश श्वास घ्यावा आणि ती ओसरण्याची वाट पाहावी. तिच्याशी झटापट करू नये. याच वहीतून आपल्यापुरती कारणेही सापडतात. एखादीला संध्याकाळचा चहा बाधतो, एखादीला ठेचा-भाकरी, एखादीला ओट्यासमोरचा दीड तास. सर्वांना लागू पडेल असे पथ्य येथे सांगता येत नाही, आणि कोणी सांगू लागल्यास त्याच्यावर फारसा विश्वास ठेवू नये. सुती कपडे, उशाशी पाण्याचा तांब्या, पंख्याची हवा, पांघरुणाचे एका जाड दुलईऐवजी दोन पातळ थर, या सोयींना मात्र कोणाच्या शिफारशीची गरज नाही.

आहाराचा विषय मोठा आहे, आणि त्यात खोट्या व खऱ्या गोष्टींची सरमिसळही मोठी आहे. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनशी दुरून साम्य असलेली द्रव्ये असतात आणि ती शरीरात इस्ट्रोजेनच्या जागी क्षीणपणे काम करतात हे खरे. परंतु त्यांपैकी एकाचे रूपांतर अधिक प्रभावी द्रव्यात करणारे जंतू सर्वांच्या आतड्यांत नसतात, जपानी लोकांत ते पुष्कळांच्या आणि पाश्चात्त्यांत थोड्यांच्या आढळतात, आणि म्हणूनच चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. जवसाची कथा याहून बोधप्रद आहे. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते. अलीकडे तिला रजोनिवृत्तीचे औषध म्हणून मान मिळाला. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत जवसाची वडी खाणाऱ्या आणि तशीच दिसणारी जवसाविना केलेली वडी खाणाऱ्या अशा दोन्ही गटांतील स्त्रियांच्या झळा कमी झाल्या, आणि जवळजवळ सारख्याच प्रमाणात! झळांच्या बाबतीत नुसत्या विश्वासाने बसणारा गुण फार मोठा असतो, शिवाय त्या कालांतराने आपोआपही ओसरतात. शेजारणीला अमुक पुडीने गुण आला याचा उलगडा बहुधा येथेच होतो. जवस खाऊ नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. ती चटणी रुचकर आहे, तिच्यातील स्निग्धांश उत्तम आहे आणि तिच्याने पोट साफ राहते. ती चटणी म्हणून खावी, औषध म्हणून तिची पावशेराची पुडी तिप्पट किमतीला घेऊ नये.

ताटातून जे खरोखर मिळवायचे ते म्हणजे चुना (कॅल्शियम) आणि प्रथिने. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाचसात वर्षांत हाडांतील खनिजांचा ऱ्हास आयुष्यातील सर्वांत अधिक वेगाने होतो, आणि तो मुळीच दुखत-खुपत नसल्यामुळे मनगट किंवा खुब्याचे हाड मोडेपर्यंत कळतही नाही. या वयात दिवसाकाठी हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे नाचणीच्या दोन भाकऱ्यांत दिवसाचा तिसरा हिस्सा भागतो. दोन मोठे पेले दूध अथवा तेवढेच दही यांत साडेचारशेची भर पडते. भाजलेल्या तिळाची चमचाभर चटणी आणखी शेसव्वाशे देते. डाळ आणि मेथी-शेवग्यासारखा पाला यांनी उरलेली वजाबाकी पुरी होते. आजारी माणसासाठी नाचणीचे सत्त्व काढण्याची चाल आहे, पण ते गाळताना जो चोथा टाकला जातो त्यातच कोंड्याबरोबर चुन्याचा मोठा भाग निघून जातो, म्हणून या कामासाठी भाकरी, आंबील किंवा सबंध पिठाची पेज बरी. पालकात चुना असूनही त्यातील ऑक्झॅलेटमुळे तो अंगी लागत नाही. कोकणात व गोव्यात ज्यांच्या जेवणात सुका जवळा आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी कुरकुरीत मांदेली असते त्यांनी ती आनंदाने चालू ठेवावी, मीठ मात्र बेताने घालावे.

प्रथिनांविषयी आपल्या स्त्रियांची आबाळ त्यांच्या स्वतःच्याच हातून होते. सर्वांची पाने वाढून झाल्यावर मग उरलेले जेवावयाचे हा गृहिणीधर्म अजून पुष्कळ घरांत पाळला जातो आणि उरलेल्यांत भात, पातळ आमटी व लोणच्याचा खार यांपलीकडे विशेष काही नसते. साठ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाकाठी निदान पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, वाटीभर दही, मूठभर दाणे, आणि चालत असल्यास एखादे अंडे वा माशाची तुकडी, असा हिशेब प्रत्येक दिवशी जमला पाहिजे. त्यात आमच्या उपासांची भर! आषाढी एकादशीपासून सुरू होणाऱ्या चातुर्मासात सोमवार, शनिवार, एकादश्या आणि पुढे नवरात्राचे नऊ दिवस साबुदाण्याच्या खिचडीवर काढणारी स्त्री त्या दिवसांत बहुतांशी निव्वळ पिष्ट खाते. श्रद्धेच्या आड येण्याचे मला कारण नाही. परंतु उपासाला चालणारा राजगिरा, दाण्याची आमटी, दूध, दही व ताक यांना साबुदाण्याच्या आधी मान दिला तर देवालाही हरकत असणार नाही.

उन्हाबद्दलची एक समजूत दुरुस्त करणे अगत्याचे आहे. अंगणात बसून सकाळचे कोवळे ऊन अंगावर घेतले की ड जीवनसत्त्व मिळते असे आपण मानतो. पण ते घडवून आणणारे किरण सूर्य वर चढल्याशिवाय पृथ्वीवर पुरेसे पोहोचत नाहीत. दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान हातपाय उघडे ठेवून वीसएक मिनिटे ऊन घेतले तर उपयोग होतो, आणि सावळ्या कातडीला त्याहून अधिक वेळ लागतो. चंद्रपूर-नागपूरच्या वैशाखात हा सल्ला कोणी शब्दशः पाळू नये. सदनिकांत राहणाऱ्या व दिवसभर घरात किंवा कचेरीत असणाऱ्या स्त्रियांत या जीवनसत्त्वाची कमतरता फार आढळते; तपासून घेऊन डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरती गोळी घ्यावी आणि मुदत संपताच थांबवावी, कारण ती वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेत राहणेही अपायकारक आहे.

वनौषधींचा प्रश्न नाजूक आहे, कारण त्यात भावना गुंतलेल्या असतात. शतावरीला आयुर्वेदात स्त्रियांच्या विकारांत परंपरेने मोठे स्थान आहे; आधुनिक कसोटीवर तिच्या चाचण्या लहान व तुरळक आहेत. जाणत्या वैद्याच्या देखरेखीखाली ती घेणारीला मी अडवणार नाही. अश्वगंधेने काहींना झोप बरी लागते. पण तिच्यामुळे यकृताला सूज आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत आणि थायरॉइडचे औषध घेणारीने ती विचारल्याशिवाय घेऊ नये. परदेशी ब्लॅक कोहोश नावाच्या मुळीबाबतही यकृताचा हाच इशारा आहे, आणि इव्हनिंग प्रिमरोजच्या महागड्या तेलाने झळा कमी होतात याला भरवशाचा पुरावा नाही. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीचा काढा घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा आयुष मंत्रालयाने तो संबंध अमान्य केला. हा वाद बाजूला ठेवला तरी, झाडापासून निघाले म्हणून ते निरुपद्रवी असा दाखला कोणत्याही शास्त्राने दिलेला नाही, आयुर्वेदाने तर नाहीच. ज्या डबीवर घटकद्रव्ये व त्यांची प्रमाणे लिहिलेली नाहीत ती घेऊ नये, अनोळखी माणसाकडून भस्म घेऊ नये, आणि जे काही घेत असाल ते डॉक्टरांपासून लपवू नये.

व्यायामात चालण्याला सर्वजण मान देतात आणि तो योग्यच आहे. आठवड्यातून दीडशे मिनिटे झपझप चालल्याने रक्तदाब, साखर व मन ताळ्यावर राहते. परंतु हाडांना बळकटी यावयाची तर स्नायूंनी त्यांवर ताण दिला पाहिजे, आणि तो ताण चालण्याने बेताचाच येतो. त्यासाठी आठवड्यातून दोन दिवस तरी वजन उचलण्याचा व्यायाम हवा. पाण्याने भरलेल्या बाटल्या हातांत घेऊन वरखाली करणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहादहा वेळा उठणे-बसणे, जिना चढणे, एवढ्याने आरंभ करता येतो. 'घरकाम होतेच की' ही सबब येथे उपयोगी नाही, कारण घरकामाने थकवा येतो पण तेच ते ओझे वर्षानुवर्षे राहिल्याने स्नायूंची शक्ती वाढत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा हिरिरीने प्रसार केला तो सूर्यनमस्कार या वयातही उत्तम आहे; फक्त हाडे ठिसूळ झाल्याचे निदान ज्यांना सांगितले गेले आहे त्यांनी पाठीची कमान करून खाली वाकण्याचे प्रकार टाळावेत, कारण त्याने मणक्यावर दाब येतो. ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव दात घासताना करावा. म्हातारपणी हाड मोडते ते बहुधा तोल जाऊन पडल्यामुळे.

एक व्यायाम असा आहे की जो कोणाला दिसत नाही व म्हणून कोणी शिकवीतही नाही. खोकताना, हसताना वा शिंकताना थेंबभर लघवी होणे ही तक्रार असंख्य स्त्रिया जन्मभर निमूटपणे सोसतात आणि प्रवास, देवदर्शन, लग्नसमारंभ एकेक करून सोडून देतात. ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू, म्हणजे लघवी रोखण्यासाठी जे आवळले जातात ते, दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहादहादा आवळून पाचसात सेकंद धरावेत व सोडावेत. श्वास कोंडू नये, मांड्या व पोट ढिले असावे. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टराने १९४८ साली ही पद्धत प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून तिची उपयुक्तता वारंवार सिद्ध झाली आहे. गुण यावयास तीन महिने लागतात. योनिमार्गाचा कोरडेपणा, जळजळ, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे आणि वरचेवर होणारा लघवीचा जंतुसंसर्ग या तक्रारी मात्र झळांप्रमाणे आपोआप जात नाहीत, उलट वयाबरोबर वाढतात. औषधाच्या दुकानात मिळणारी ओलावा राखणारी मलमे यांवर प्रथम वापरावीत, आणि त्यांनी न भागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच जागी लावावयाचे अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन मलम घ्यावे, ज्याचा फारच थोडा अंश रक्तात उतरतो. ही नवऱ्याशी बोलण्याची गोष्ट आहे. पुरुष वाचकांनी हा परिच्छेद गाळला असेल तर मागे जाऊन वाचावा.

मनाच्या उदासीनतेबद्दल थोडेच सांगतो. मुले परगावी जाणे, सासूसासऱ्यांचे दुखणे, नोकरीतील जबाबदारी आणि शरीरातली ही उलथापालथ एकाच मुदतीत गोळा होतात, त्यामुळे कोणते दुःख कोठून आले याची वाटणी करता येत नाही. आधी बाळंतपणानंतर किंवा अन्य वेळी नैराश्य येऊन गेलेल्या स्त्रियांना या काळात ते पुन्हा येण्याचा संभव अधिक असतो. दोन आठवडे सलग कशातच मन रमत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर ते वयाचे म्हणून सोडून न देता उपचार घ्यावेत.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेविषयी लिहिल्यावाचून हा लेख महाराष्ट्रात पुरा होऊ शकत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशयांच्या सर्रास झालेल्या शस्त्रक्रियांचा मामला २०१९ साली उघडकीस आला आणि विधानपरिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिशीतल्या स्त्रियांनी, पाळीमुळे रोजगार बुडू नये म्हणून किंवा कर्करोगाची भीती घातली गेल्यामुळे, पिशवी काढून टाकली होती. 'पिशवी काढली की कटकट गेली' हा समज केवळ खेड्यांतच आहे असे नाही. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी, कोणत्याही उताराविना, येऊन आदळते. बीजकोश ठेवले तरी ते नेहमीपेक्षा लवकर थकतात. चाळिशीच्या आत रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रीला हाडांचा व हृदयाचा धोका अधिक असल्याने तिने घरगुती उपायांवर विसंबू नये. तिला बहुधा नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके बाहेरून देणे हितावह असते. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

त्या संप्रेरक-उपचारांविषयीही मनात अकारण धास्ती नसावी. २००२ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर चाललेली एक चाचणी स्तनकर्करोग व हृदयविकार यांचे प्रमाण किंचित वाढलेले दिसल्याने मध्येच थांबवण्यात आली आणि जगभर घबराट पसरली. पण त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. साठीच्या आतील किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांत, झळा फार त्रासदायक असल्यास, या उपचारांचा लाभ धोक्याहून सामान्यतः अधिक असतो असे आज मानले जाते, आणि झळांवर त्यांच्याइतका गुणकारी उपाय दुसरा नाही. स्तनाचा कर्करोग, रक्तवाहिन्यांत गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा विकार ज्यांना झालेला आहे त्यांना ते बहुधा वर्ज्य असतात. निसर्गोपचाराच्या आग्रहापायी रात्रीच्या रात्री जागून काढणे यात काही पुण्य नाही.

शेवटी काही गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पाळी अनियमित झाली म्हणून गर्भ राहणार नाही असे समजू नये. पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष, आणि पन्नाशीच्या आत दोन वर्षे, संततिनियमन चालू ठेवावे. पाळी जाण्याच्या काळात रक्तस्राव फार होत असेल, गाठी पडत असतील किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसत असेल, तर ते 'जाता जाता होतेच' म्हणून सोसू नये. आणि बारा महिने पाळी बंद राहिल्यानंतर रक्ताचा एक थेंब जरी दिसला, मग तो कितीही फिका असो व दुखत असो वा नसो, तर काढा, पथ्य, नवस सर्व बाजूस ठेवून त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदा एवढीच असते, आणि त्या टप्प्यावर तो बहुतेक वेळा बरा होतो.